सिल्व्हरचा शेवटचा हात

“सुरेशभाऊ, इकडं आभाळ काळंठिक्कर पडलं. मोबाईलवर गारपिटीचा मेसेज बी आला. गाडी झाकू का उघडीच राहू देऊ?”

फोन सोनाळ्याहून होता, तायडे सिस्टरांचा. दुपारचे साडेतीन वाजले असतील. मी खामगावला माझ्या वर्कशॉपमध्ये एका काळ्या गाडीचं बोनेट पाणी टाकून वॉटर पेपरनं घासत होतो. हात पुट्टीच्या पाण्यानं भरलेले, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरलेला.

“गाडी उभी कुठं हाय?”

“अंगणातच. माह्याकडं शेड कुठं हाय?”

“शेजारी कोनाचा गोठा, पडवी, काही?”

“साऱ्यायनं जनावरं बांधली तिथं. सांगा लवकर, थेंब पडून राह्यले.”

प्रश्न साधा वाटतो. कोणीही म्हणेल, झाका, त्यात विचारायचं काय. पण त्या गाडीचा रंग सहा दिवसांचा होता.

लोकांना वाटतं, रंग हाताला लागत नाही म्हणजे वाळला. गाडीचा रंग दोनदा वाळतो. आधी वरून वाळतो. काही तासांत बोट चिकटत नाही, दुसऱ्या दिवशी गाडी चालवताही येते. पण रंगाच्या आत थिनर असतं. ते हळूहळू उडत राहतं आणि रंगात मिसळलेलं हार्डनर त्याला आतून घट्ट करत राहतं. मोठ्या शहरांत बूथ असतो, म्हणजे गाडी मावेल एवढी गरम खोली. तिथं गाडी भाजून काढतात आणि काम संपतं. आमच्याकडं बूथ नाही. आमच्याकडं हवा आहे आणि दिवस आहेत. उन्हाळ्यात तीन आठवडे, थंडीत महिना. शेणानं सारवलेली ओसरी वरून कोरडी दिसते, पण पाय टेकला की ठसा उठतो. तसंच हे.

म्हणून गाडी देताना मी प्रत्येकाला तेच सांगतो. महिनाभर कव्हर घालू नका. पॉलिश लावू नका. कडुलिंबाच्या झाडाखाली लावू नका, वरून चिकट पडतं. पाखरानं घाण केली तर पुसू नका, पाणी ओता. उघड्यावर उभी राहिली तरी चालेल, पण अंगाला काही टेकू देऊ नका. कच्च्या रंगावर ओलं कापड पडलं की रंगातली वाफ खालीच कोंडते, पाणी आत शिरतं, आणि कापडाचा विणीसकट छाप उमटतो.

हे सगळं सिस्टरांना मी आदल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी ते लक्षात ठेवलं, म्हणून तर विचारायला फोन केला. न विचारता झाकली असती तर तो त्यांचा निर्णय झाला असता. आता तो माझा होता.

उघडी ठेवली तर गारांनी टपावर, बोनेटवर खड्डे पडणार. झाकली तर रंग धोक्यात. मी मनात हिशेब केला. गारा दहा मिनिटं पडतात, फार तर पंधरा. तेवढ्या वेळात रंगाला काही होत नाही.

“झाका,” मी म्हणालो. “जाड काही हाय का? गोधड्या?”

“हायेत.”

“असतील तेवढ्या टाका. टपावर दोन-तीन, बोनेटवर, डिक्कीवर. वरून दोरी बांधा. पन सिस्टर, गारा थांबल्या की लगेच काढजा. एक मिनिट ठेवू नका.”

“हाव,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ती गाडी कोणाची आणि तो रंग कोणाचा, हे सांगायला पाहिजे.

तायडे सिस्टर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. आयुष्य खामगावच्या वॉर्डात गेलं, शेवटची काही वर्षं सोनाळ्याकडं. रिटायर होऊन तिथंच राहिल्या. मिस्टर वारले तेव्हा त्यांची छोटी सिल्व्हर गाडी अंगणात तशीच उभी राहिली. मुलगी म्हणाली विकून टाक. सिस्टर अठ्ठावन्नाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकल्या. गावात कोणाला शेगावला, अकोल्याला दवाखान्यात न्यायचं असलं की हीच गाडी निघायची. पण बारा वर्षं उघड्यावर उभी. आमच्या उन्हानं टपाचं क्लिअर पापुद्रे धरून उडालं होतं. क्लिअर म्हणजे रंगावरचा काचेसारखा थर. तो गेला की खालचा रंग खडूसारखा पांढरा पडतो. पूर्ण गाडीच मारायला, म्हणजे रंगवायला, आली होती.

आणि ती मारली उस्तादांनी.

उस्ताद म्हणजे रऊफभाई. मी त्यांच्याकडंच शिकलो. पंधरा वर्षं त्यांच्या हाताखाली होतो, पुढं वर्कशॉप मी घेतलं आणि ते माझ्याकडं येऊ लागले. सिल्व्हर मारावं तर त्यांनीच. हे जरा समजून घ्या. लाल, पांढरा रंग कोणीही शिकतो. सिल्व्हरमध्ये ॲल्युमिनियमची बारीक चुरी असते. रंग फवारायची गन जवळ गेली की चुरी ओली होऊन खाली बसते, रंग काळपट दिसतो. गन लांब गेली की कोरडा, भुरका दिसतो. हात एका जागी क्षणभर रेंगाळला की तिथं ढग उठतो. प्रत्येक पेंटरचं सिल्व्हर वेगळं दिसतं, अक्षरासारखं. डबा एक, नंबर एक, तरी माझं सिल्व्हर आणि उस्तादांचं सिल्व्हर शेजारी ठेवलं तर कळतं.

त्यांची छाती गेली होती. हार्डनरची वाफ दम्याला फार वाईट. आमच्या जुन्या लोकांनी आयुष्यभर तोंडाला रुमाल बांधून गन मारली. अकोल्याच्या डॉक्टरनं दोन वर्षांपूर्वी बजावलं होतं की आता गन बंद. तेव्हापासून ते रोज सकाळी यायचे, दाराशी खुर्चीवर बसायचे, चहा घ्यायचे, माझ्या चुका काढायचे आणि दुपारी घरी जायचे.

सिस्टरांची गाडी आली तेव्हा खुर्चीवरून उठून म्हणाले, “ही मी मारतो.”

“उस्ताद, डॉक्टरनं काय सांगतलं?”

“मले म्हाईत हाय काय सांगतलं ते. माही रुखसाना झाली तेव्हा लेकरू रडलंच नाई. निळं पडलं होतं. ह्या सिस्टरनं तोंडानं हवा भरली तिच्यात. एवढी एक गाडी मारतो, मंग गन ठेवून देतो. आडवा येऊ नको बे.”

मी आडवा आलो नाही. वाफ गाळणारा चांगला कार्ट्रिजचा मास्क आणला, दोन पंखे मागं लावले. सिस्टरांना हे माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं, मीच मारतोय.

मी शेडच्या जाळीबाहेर उभा राहून पाहिलं. फरशी ओली केलेली, धूळ बसावी म्हणून. उस्ताद पुढच्या चाकावरच्या पत्र्यापासून सुरू झाले आणि मागच्या दिव्यापर्यंत न थांबता चालत गेले. एक हात, म्हणजे एक थर. मग थांबून श्वास. मग दुसरा हात. सिल्व्हर झाल्यावर क्लिअरचे तीन हात, भरून. बाहेर आले, मास्क काढला, खुर्चीत बसले. खोकला सुटला तो बराच वेळ थांबेना. ओठ काळेनिळे पडले. पंपाचे दोन दम घेतले तेव्हा कुठं बोलले.

“जाऊन पाह्य.”

मी पाहिलं. एक ढग नाही, एक रेघ नाही. पाणी उभं राहिल्यासारखी गाडी दिसत होती. त्यांनी स्वतः गन धुतली, फडक्यात गुंडाळली आणि कपाटात ठेवली.

“थंडी हाय. क्लिअर मी भरून मारलं,” जाताना म्हणाले. “आठ-दहा दिवस शेडमधून हलवू नको.”

माझ्या शेडमध्ये दोनच गाड्या मावतात. एका जागी इंजिन उतरवलेली एक गाडी अडून बसली होती. चौथ्या दिवशी शेगावहून एक पार्टी आली. काळी गाडी, घरात लग्न, नवरदेव त्याच गाडीतून जाणार, आठ दिवसांत पाहिजे. जुनं गिऱ्हाईक. नाही म्हटलं असतं तर ते दुसरीकडं गेले असते, एवढंच झालं असतं. मी हो म्हणालो. सिस्टरांना फोन केला की गाडी तयार आहे, घेऊन जा. पाचव्या दिवशी त्या आल्या. गाडीकडं पाहून डोळ्यांना पदर लावला.

“सुरेशभाऊ, साहेबायनं आणली तेव्हा अशी होती.”

उस्तादांनी मारल्याचं मी तेव्हा सांगितलं. त्या एकदम गंभीर झाल्या. “तुम्ही मारू दिली? त्यांच्या छातीचं मला माहीत असतं तर मी गाडी आणलीच नसती.” मग मी त्यांना महिनाभराचे सगळे नियम सांगितले. त्यांनी ते नर्ससारखे ऐकले, दोनदा उलट विचारले आणि गाडी घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद आले. रिकाम्या जागी काळी गाडी उभी.

“गेली?”

“हाव.”

“एवढी कशाची घाई होती बे?”

मी काळ्या गाडीकडं बोट दाखवलं. ते चहा प्यायले आणि रोजच्यापेक्षा लवकर घरी गेले. त्याच दिवशी दुपारी साडेतीनला सिस्टरांचा फोन आला.

खामगावात गारा फारशा पडल्या नाहीत. पत्र्यावर पाच मिनिटं ताशा वाजल्यासारखं झालं आणि मोठे थेंब. साडेचारला मी सिस्टरांना फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पाचला लावला. सहाला लावला. टॉवरची लाईट गेली असेल, असं मी मनाशी म्हणालो. सिस्टर हुशार बाई आहेत, काढल्या असतील गोधड्या. मोटारसायकल काढून जाता आलं असतं. पण काळ्या गाडीला प्रायमर मारून ठेवला होता, तो त्या दिवशी घासायचा होता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला फोन लागला.

“सिस्टर, गोधड्या काढल्या ना कालच?”

त्या हळूच म्हणाल्या, “अग बाई. गोधड्या.”

हातातला वॉटर पेपर मी बादलीत टाकला.

“अजून गाडीवरच हायेत?”

“हाव. काढू का आता?”

“ऊन हाय का तिकडं?”

“कडक पडलं सकाळपासून.”

“हात लावू नका. ओढू तर अजिबात नका. मी येतो.”

मोटारसायकलवर निघालो. शेगाव सोडलं तेव्हा ऊन छान पडलं होतं, पण पुढं पुढं शेतं बघवत नव्हती. गहू झोपलेला. संत्र्याच्या बागांत झाडाखाली पाचोळा आणि हिरवी फळं यांचा खच. एका ठिकाणी रस्त्यावर बाभूळ आडवी होती, लोकांनी फांद्या तोडून एक गाडी जाईल एवढी वाट केली होती. मी हे सगळं पाहत होतो आणि डोक्यात फक्त टप होता. ओल्या गोधड्या, रात्रभर. वरून आता ऊन. खाली सात दिवसांचं क्लिअर.

सिस्टरांचं घर गावाच्या कडेला. अंगणात गाडी उभी होती. टपावर तीन गोधड्या, बोनेटवर एक, मागं एक, वरून दोरी. कडा वाळल्या होत्या, मधला भाग अजून जड, ओला. त्यातून वाफ निघत होती. मी जवळ जाऊन नुसता वास घेतला. थिनरचा वास येत होता. म्हणजे रंग अजून खालून श्वास टाकत होता आणि सगळं कोंडलं होतं.

बादलीनं पाणी सोडत, कडेकडेनं एकेक गोधडी उचलली. कापड रंगाला धरून बसलं होतं. उचलताना चर्रर्र आवाज येत होता. सुताचे धागे तुटून क्लिअरमध्येच राहत होते.

टप पांढरा पडला होता, दूध सांडल्यासारखा. त्या पांढऱ्यावर गोधडीचे टाके उमटले होते. ओळीनं, एकामागोमाग एक. दोरी जिथं आवळली होती तिथं तिचा पीळ. दोन्ही बाजूंना जिथपर्यंत गोधड्या लोंबत होत्या, तिथपर्यंत तेच. बोनेटवरची गोधडी वाऱ्यानं अर्धी घसरली होती. जिथं ती राहिली तिथं रंग गेला होता. जिथून ती घसरली तिथं गारांचे लिंबाएवढे खड्डे पडले होते आणि रंग मात्र ठणठणीत. एकाच बोनेटवर दोन्ही नुकसानं.

मी पिशवीतून दोन हजार नंबरचा पेपर काढला, टपाच्या कोपऱ्यावर पाणी टाकून हलकेच घासून पाहिलं. वरवरचं असेल तर निघतं. निघालं नाही. पांढरेपणा आत गेला होता.

मी ताडकन उभा राहिलो.

“सिस्टर, गारा थांबल्या की लगेच काढा म्हनलं होतं ना मी! एवढं एकच सांगतलं होतं!”

माझा आवाज चढला होता. त्या ओसरीच्या पायरीवर उभ्या होत्या. तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट पाहिलं. लुगडं कालचंच असावं. बाह्यांवर वाळलेलं रक्त. ओसरीवर कापसाचे बोळे, रिकाम्या बाटल्या, औषधाचा वास.

“सांगितलं होतं तुम्ही,” त्या म्हणाल्या. “दोरी बांधून घरात आले आन् गारा सुरू झाल्या. थांबल्या तेव्हा काढायलाच निघाले होते. तेवढ्यात बाया आल्या.”

गावाबाहेर हरभरा सोंगायला गेलेल्या मजूर बाया होत्या त्या. उघड्या शेतात होत्या, जवळ एक झाड नाही. कोणी डोक्यावर घमेलं धरलं, कोणी नुसते हात. सात-आठ जणी चिंब भिजलेल्या, डोकी फुटलेल्या, बोटं सुजलेल्या. दवाखान्याच्या वाटेवर झाड पडलेलं. गावात एकच घर माहीत होतं, जिथं टाके, पट्टी होईल. सिस्टर रात्री पार उशिरापर्यंत हेच करत होत्या. पहाटे वाट मोकळी झाली तेव्हा एका म्हातारीला जीपमध्ये घालून अकोल्याला पाठवलं. तिच्या कानातून रक्त येत होतं.

“गाडीची आठवण नाही आली, असं नाही हो सुरेशभाऊ,” सिस्टर म्हणाल्या. “आली होती. बाया थंडीनं कापत होत्या. अंगावर घालाले कोरडं काही द्यावं म्हणून पेटी उघडली. पेटी रिकामी. घरातल्या साऱ्या गोधड्या गाडीवर. चादरी होत्या तेवढ्या दिल्या. मंग साहेबांचे कोट काढले. ते बी पुरले नाहीत. तेव्हा दारातून पाह्यलं मी गाडीकडं. पन त्या तर ओल्या झाल्या होत्या, आता काय कामाच्या, असं वाटलं आन् मी परत आत गेले. मंग डोक्यातून गेलंच.”

हातातला पेपर मी दुमडला, परत उलगडला.

“असतील तेवढ्या टाका, असं तुम्ही म्हणाले होते,” त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. जसं झालं तसं सांगत होत्या.

गाडी खामगावला आणली. सिस्टर स्वतःच चालवत आल्या, मी मागून मोटारसायकलवर. उस्तादांना कळू नये असं मला वाटत होतं. सकाळी ते यायच्या आत गाडी घासून पुट्टी लावून टाकावी, असा विचार होता. पण दुसऱ्या दिवशी मी शटर उघडलं तेव्हा ते आधीच येऊन उभे होते. बातमी त्यांना कोणी दिली, माहीत नाही.

गाडीभोवती एक चक्कर मारली. टपावर तळहात ठेवला आणि हळूहळू फिरवला.

“टाके हाताले लागून राह्यले,” म्हणाले. “झाकाले कोनं सांगतलं?”

“म्या.”

“आन् शेडमधून कोनं काढली?”

“म्याच.”

त्यांनी मला शिव्या द्यायला पाहिजे होत्या. पंधरा वर्षांत किती दिल्या होत्या. त्या दिवशी एकही नाही. ते कपाटाकडं गेले, गुंडाळलेली गन काढली आणि फडकं सोडू लागले.

“उस्ताद, ठेवा ती.”

“घासून दे. मी मारतो.”

“नाई देनार.”

“सुरेश, बाजूले हो.”

“मागच्या वेळी तुमचे ओठ निळे पडले होते. मी पाह्यलं. आता नाई.”

सिस्टर तिथंच होत्या, रात्री खामगावात मुक्काम करून परत निघण्याआधी गाडी पाहायला आलेल्या. त्या पुढं आल्या. “उस्ताद, तुम्ही गन धरली तर मी गाडी अशीच घेऊन जाईन. अशीच चालवीन. मला लाज नाही वाटायची.”

उस्ताद त्यांच्याकडं पाहत राहिले. “सिस्टर, माह्यं शेवटचं काम असं ठेवाचं का?”

त्यांना दम लागायला लागला, नुसतं उभ्या उभ्या. सिस्टरांनी त्यांच्या हातातून गन घेतली, खुर्चीत बसवलं, पंप तोंडाशी धरला, मनगट धरून नाडी मोजली. थोड्या वेळानं ते उठले. मी सोडायला येतो म्हणालो तर हातानंच नको म्हणाले. खुर्ची तिथंच राहिली.

मग मी घासायला बसलो.

रंग उतरवायला मशीन असतं. मी मशीन लावलं नाही. का, ते मला सांगता येणार नाही. हातानं घासलं, पेपर बदलत. पांढरं पाणी आधी येतं, ते क्लिअर. मग पाणी करडं होतं, चमचमतं. ते सिल्व्हर. दोन दिवस ते चमचमतं पाणी माझ्या फरशीवरून नालीत जात होतं. त्या माणसानं श्वास पणाला लावून मारलेले हात मी एकेक करून खरडून काढले.

एक दरवाजा वाचला होता. डाव्या बाजूचा मागचा. तिथली गोधडी वाऱ्यानं वर उडून टपावरच दुमडली होती. त्या दरवाजावर ना खड्डा, ना डाग.

इथं धंद्याची एक गोष्ट सांगतो. सिल्व्हर गाडीचा एखादा भाग मारला तर शेजारच्या भागावर रंग हलका हलका सोडत नेतात, म्हणजे कुठं संपला ते डोळ्याला कळत नाही. मग त्या शेजारच्या भागावरही नवीन क्लिअर मारतात. पद्धत तीच आहे. त्यासाठी तो दरवाजाही घासावा लागला असता. मी घासला नाही. मास्किंग टेप लावून, कागदानं पूर्ण झाकून ठेवला आणि बाकीची गाडी मारली. जीव तोडून मारली. उस्तादांची चाल, त्यांचं अंतर, त्यांचा वेग, जेवढं आठवत होतं तेवढं सगळं हातात आणलं.

कागद काढला तेव्हा शेडच्या उजेडात सारखंच वाटलं. मला थोडी आशा वाटली. तीन आठवडे आणि वर चार दिवस गाडी शेडमध्ये ठेवली. काळी गाडी तेवढ्यात दुसऱ्या पेंटरकडं पाठवून दिली होती. मग सिस्टरांना बोलावलं आणि गाडी रस्त्यावर उन्हात काढली.

उन्हात सगळं दिसलं. तो दरवाजा वेगळा होता. खोल, शांत, एकसारखा. त्याच्या दोन्ही बाजूंचं माझं काम वाईट नव्हतं, कोणी नाव ठेवलं नसतं. पण त्या दरवाजाशेजारी ते भुरकं दिसत होतं.

“सिस्टर, फरक दिसते,” मी म्हणालो. “सांगाल तर तो दरवाजा बी मारून देतो. सारखी दिसंल.”

“नको. राहू द्या,” त्या म्हणाल्या.

आम्ही उभे होतो तेवढ्यात पलीकडचा टायरवाला आला. गाडीभोवती फिरला, त्या दरवाजापाशी थांबला आणि म्हणाला, “बाकी गाडी मस्त हाय. हा एक दरवाजा ठोकला होता का? रंग मॅच नाई झाला याचा.”

सिस्टर गाडीत बसल्या आणि गेल्या.

मी उस्तादांकडं गेलो. दोन गल्ल्या सोडून घर आहे. म्हणालो, सिस्टर वाटेत शेगावला थांबणार आहेत, फोन करून गाडी परत बोलावतो, एकदा पाहून घ्या. तुमचा दरवाजा तसाच ठेवला आहे. ते पलंगावर बसून होते, उशीला टेकून.

“मारली ना तू? बस झालं,” म्हणाले. मग रुखसानाला चहा टाकायला सांगितला आणि माझ्या घरच्यांची चौकशी केली.

त्यानंतर ते वर्कशॉपवर आले नाहीत. आता घरी ऑक्सिजनचं मशीन आहे, रात्री लावतात. मी जातो अधूनमधून. बोलतात, हसतातही. राजकारण, पाऊसपाणी, नातवाची शाळा, सगळं निघतं. रंगाचा विषय निघत नाही. मी एकदा काढून पाहिला. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि कोणीतरी चाललं होतं त्याला हाक मारली.

अकोल्याला नेलेली म्हातारी घरी आली. तिला आता ऐकू येत नाही, एवढं सिस्टरांनी सांगितलं. गोधड्यांचं मी विचारलं नाही. त्यांना रंग लागून त्या कडक झाल्या होत्या, हे मी पाहिलं होतं. मी बाजारातून दोन रग घेऊन पाठवले. त्यांनी ठेवून घेतले.

अजूनही लोक विचारतात, गाडी बाहेरच उभी असते, नवीन रंग कसा जपायचा? मी जे नियम आधी सांगायचो तेच सांगतो. गारा आल्या तर काय, असं कोणी विचारलं तर म्हणतो, पडू द्या. खड्डा ठोकून काढता येतो. कच्च्या रंगात जे उमटतं ते निघत नाही, रंगच काढावा लागतो. हे मला त्या दिवशी साडेतीन वाजताही माहीत होतं. मला वाटलं, दहा मिनिटांचाच प्रश्न आहे.

आणि गाडी आता मी तीन आठवडे शेडबाहेर काढत नाही, लग्न असो का काही असो. गिऱ्हाईक चिडतं. म्हणतं, तीन आठवडे गाडीशिवाय आमचं कसं चालेल?

नसेल चालत, तर रंग देऊ नका.